बाकावर पितळी पाटी, आणि आईच्या खोलीत ट्यूब बंद

पाटावरवंटा – रविवार, रात्री ११:४०

सगळ्यांना सलाम. (आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांत नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात, कुणी गोंधळू नका.) बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांबी आणि शुद्धलेखन दोन्ही सांभाळून घ्या.

आम्ही मुंबईतले जुने प्रोटेस्टंट. आजोबा नगरकडून गिरणीत आले तेव्हापासून एकाच देवळात जातो. देऊळ कुठलं ते सांगत नाही, सांगायची गरज पण नाही, कारण ज्याला त्याला आपलंच वाटेल. तर आमच्या मंडळीत एक वडील आहेत, वडील म्हणजे बाप नव्हे, एल्डर, पंचात बसणारे. माणूस वाईट नाही हो. दर रविवारी वेळेआधी हजर, दशांश (कमाईचा दहावा भाग) न चुकता, ख्रिसमसला गरिबांना ब्लँकेटं. मागच्या वर्षी त्यांनी देवळाला सहा नवीन बाक दिले, सागवानी, प्रत्येकावर पितळी पाटी, 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' आणि खाली देणाऱ्याचं नाव, ते कै. वडिलांच्या नावापेक्षा जरा मोठंच.

ह्यांची आई जिवंत आहे. ऐंशीच्या पुढे. लालबागकडे चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एकटी राहते. मुलगा तिकडे उपनगरात टॉवरमध्ये. आम्ही महिला संघाच्या बायका महिन्यातून एकदा पाळकसाहेबांबरोबर तिला प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) द्यायला जातो. मागचे तीन महिने बघतेय, खोलीतली ट्यूब बंद. म्हातारी दाराशी स्टूल टाकून गॅलरीच्या उजेडात बायबल वाचते, ते पण पुस्तक नाकाला लावून, कारण चष्म्याचा नंबर केव्हाच बदललाय. मी विचारलं, मुलाला सांगितलं नाही का? तर म्हणाली, "सांगितलं ना गं, पण त्याचं बाकांचं चाललं होतं तेव्हा."

हे मी विसरले पण असते. पण आज देवळात पाठ होता बायबलातल्या मार्कचा ७ वा अध्याय. आणि पाठ वाचायला कोण, तर हेच. आवाज छान आहे त्यांचा, भारदस्त, म्हणून कायम तेच वाचतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, यरुशलेमेहून परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्री आलेत आणि येशूला विचारतायत की तुझे शिष्य हात न धुता का जेवतात. तर तो म्हणतो तुम्ही हात, पेले, घागरी धुवायचे नियम पाळता आणि देवाची आज्ञा गुंडाळून ठेवता. मोशेने सांगितलं आईबापाचा मान राख, आणि तुम्ही काय शिकवता, तर मुलाने आईबापाला म्हटलं की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते 'कुर्बान' झालं, म्हणजे देवाला अर्पण झालं, तर मग त्याने आईबापासाठी काही केलं नाही तरी चालतं.

त्यांनी तो शब्द इतका स्वच्छ उच्चारला, कुर्बान. मग पुस्तक मिटलं आणि खाली येऊन स्वतःच्या नावाच्या बाकावर बसले. चेहऱ्यावर काही नाही. मी त्यानंतरचा उपदेश ऐकलाच नाही.

तर मला विचारायचंय की हे असं कसं होतं? तोंडाने वाचलेलं कानात जात नाही का? आणि शास्त्राप्रमाणे वागणं म्हणजे मग नेमकं काय, कारण नियमांच्या यादीत बसवलं तर हे गृहस्थ माझ्यापेक्षा दहा पटीने पास होतील.

शेपूभक्त – रविवार, रात्री ११:५८

पहिला! वाचतोय. येशू म्हणाला ना की तुम्ही पुदिना, शेप आणि जिरं ह्यांचा पण दशांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. आमच्या घरी शेपू आणला की मी आईला म्हणतो ह्यातली दहावी काडी देवाची, उरलेली पण देवालाच दे, मला नको. असो. गंभीर धागा आहे, गप्प बसतो.

सलाम_मंडळी – सोमवार, सकाळी ७:१५

ताई, सलाम. मी वयाने मोठा आहे म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग नसावा.

दान देणाऱ्याला नावं ठेवणं फार सोपं असतं. जुन्या देवळांची छपरं पावसाळ्यात गळतात, वाळवी लागते, ऑर्गन बंद पडतो, तेव्हा पैसे कोण देतं? 'आतून शुद्ध' असलेले लोक थाळीत दहाची नोट टाकतात आणि ती पण घडी घालून. मी वीस वर्षं हिशेब लिहिलाय, मला माहिती आहे. पाटी लावली तर लावली. बाकावर बसायला तुम्हालाच मिळतंय ना?

दुसरं. मत्तय १८:१५ काढून वाचा. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे जा, दोघं एकांतात असताना त्याला सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. ह्यात 'धागा काढ' ही पायरी मला कुठे सापडली नाही. तुम्ही त्यांना भेटलात का? नसाल भेटला तर शास्त्र पाळण्याबद्दल विचारताना शास्त्राची पहिली पायरी तुम्हीच चुकवलीत.

पाटावरवंटा – सोमवार, सकाळी ९:०२

लोकलमध्ये आहे, थोडक्यात. काका, नाही भेटले. लागलं, पण बरोबर लागलं. नाव-गाव लिहिलं नाही म्हणजे चालतं असं मनाची समजूत घातली होती.

तळटीप – सोमवार, दुपारी १:३०

विषय आवडीचा आहे म्हणून जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

कुर्बान हा हिब्रू शब्द, मूळ धातूचा अर्थ जवळ येणं, जवळ आणणं. देवाजवळ आणलेलं ते कुर्बान. तोच शब्द अरबीमार्गे आपल्याकडे कुर्बानी म्हणून आलाय. येशूच्या काळात हा नवसाच्या बोलीतला शब्द झाला होता. गंमत म्हणजे वस्तू मंदिरात नेऊन जमा करायलाच हवी असंही नव्हतं, 'तुझ्यापुरतं हे कुर्बान' म्हटलं की त्या माणसाला त्या वस्तूचा उपयोग बंद, माल मात्र मालकाच्याच घरात. जेरुसलेमजवळ एक अस्थिपेटी सापडली आहे, तिच्यावर अरामी भाषेत कोरलंय की हिच्यात कुणाला जे काही उपयोगाचं सापडेल ते आतल्या माणसाकडून देवाला कुर्बान. म्हणजे चोरा, हात लावू नकोस. तर येशू हवेतलं उदाहरण देत नव्हता, ऐकणाऱ्यांना शब्द रोजच्या वापरातला होता.

ढोंगीसाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे, हुपोक्रितेस, त्याचा साधा अर्थ नाटकातला नट. नट वाईट नसतो. तो भूमिका करत असतो आणि समोर प्रेक्षक असतात. मत्तय ६ मध्ये तीन गोष्टी ओळीने येतात, दान, प्रार्थना, उपास, आणि तिन्हीकडे तक्रार एकच की लोकांनी बघावं म्हणून करता. त्यावर तो म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफल मिळून चुकलं. म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल, पुढचं काही येणं नाही.

आता परूश्यांची बाजू पण घेतो, कारण ती कुणी घेत नाही. परूशी म्हणजे दुष्ट पुजारी असं उपदेशात ऐकून ऐकून डोक्यात बसलंय. बहुतेक साधे लोक होते, पुरोहित नव्हेत, मंदिरातली शुद्धता रोजच्या जेवणाच्या ताटापर्यंत आणायची म्हणून धडपडणारे. निकदेम परूशी होता, पौल स्वतःला परूशी म्हणवतो, आणि लूक १३ मध्ये 'निघून जा, हेरोद तुला मारायला बघतोय' असं येशूला सांगायला आलेले पण परूशीच. आणि कुर्बानचाच मुद्दा घ्या, इ. स. २०० च्या सुमाराला यहुदी धर्मगुरूंच्या परंपरा एकत्र लिहिल्या गेल्या, त्या मिश्नामध्ये आईबापाच्या मानासाठी असा नवस सोडवता येतो असं म्हटलंय. म्हणजे प्रश्न त्यांना पण टोचत होता. ख्रिस्ती लोकांनी 'परूशी' ही यहुद्यांना द्यायची शिवी करून टाकली, आणि त्यातून युरोपात काय काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. मत्तय २३ (येशू परूश्यांना ढोंगी म्हणून झाडतो तो अध्याय) आपल्याबद्दल नाही असं वाटलं की समजायचं आपल्याबद्दलच आहे.

निरीश्वर – सोमवार, दुपारी २:१०

इतका अभ्यास करून निष्कर्ष एकच, धर्म आला की ढोंग आलं. आईला ट्यूब लावून द्यायला मार्क ७ कशाला वाचावं लागतं? मी एकही पोथी वाचली नाही आणि माझ्या आईच्या घरी इन्व्हर्टर आहे.

डबलडेकर – सोमवार, दुपारी २:२५

@निरीश्वर, अभिनंदन, तुमच्या इन्व्हर्टरवर पण पितळी पाटी लावून घ्या.

मी हिंदू, पण बुधवारी माहीम चर्चच्या नोव्हेनाला (नवसाच्या प्रार्थनेला) जातो, आजी न्यायची तेव्हापासूनची सवय. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, ज्याला जे हवं ते घेऊन वाहतो. एकदा एकजण मेणाचा बंगला घेऊन रांगेत माझ्या पुढे होता आणि मेणबत्तीवाल्या बाईशी पाच रुपयांसाठी असा भांडत होता की विचारू नका. हेच मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत पण बघितलंय. तुकोबा म्हणून गेलेत बोले तैसा चाले, ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या दारावर फ्रेम करून लावलंय, त्याबद्दल नंतर कधीतरी वेगळा धागा काढीन.

वसईची_केळी – सोमवार, रात्री १०:१८

आम्ही कॅथलिक, वसईकडचे, आता बोरिवलीत. आमच्याकडे ढोंग लेंटमध्ये पिकतं, इस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मटण नाही, पण पापलेट चालतं, कोळंबी चालते, आणि लग्नाला नसेल इतकं ताट शुक्रवारी भरलेलं. आई म्हणायची अरे ह्यापेक्षा वरण-भात खाऊन मटण खाल्लं असतंत तर देवाला कमी त्रास झाला असता. यशया ५८ मध्ये लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तू बघितलं का नाहीस? आणि उत्तर येतं की उपासाच्या दिवशी तुम्ही आपला धंदा बघता आणि मजुरांना राबवता, मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला भाकर वाटणं, उघड्याला पांघरूण घालणं, आणि शेवटी एक वाक्य असं आहे की आपल्या रक्तामांसाच्या माणसाला तोंड न चुकवणं. ताई, ते शेवटचं तुमच्या बाकवाल्यांना लागू.

पण मला एक दुसरीच गोष्ट सांगायची आहे. आमच्या नात्यातले एक आजोबा होते, आता नाहीत, त्यांनी स्वतः ही गोष्ट आम्हाला पोरांना दहा वेळा सांगितलीय म्हणून सांगायला हरकत नाही. तरुणपणी त्यांनी वाडीचा बांध रात्रीतून हातभर सरकवला होता, शेजारी विधवा बाई, ती काय बोलणार. इस्टरच्या आधी कुमसाराला (फादरकडे पापं कबूल करायला) गेले, बाकी पापांबरोबर हे पण घाईघाईत सांगून टाकलं, शिव्या दिल्या, दारू प्यालो, बांध सरकवला. फादर आतून म्हणाले, "आधी बांध मागे घे, मग ये." हे म्हणाले फादर, दहा रोझरी सांगा, पन्नास सांगा, वाटलं तर माउंट मेरीला चालत जातो. फादर म्हणाले नको, हातभर मागे.

आजोबा सांगायचे, चालत जाणं सोपं होतं रे, लोकांनी बघितलं असतं. बांध मागे घेताना पण लोक बघणार होतेच, पण वेगळ्या नजरेने. शेवटी घेतला. दिवसाढवळ्या, कुदळ घेऊन, ती बाई ओट्यावर उभी राहून बघतेय, एक शब्द बोलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून पानवेलीची पानं आली.

जक्कय आठवतो ना, उंबराच्या झाडावर चढलेला जकातदार? तो येशूला 'तुझ्यासाठी बाक बनवतो' म्हणत नाही. ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो म्हणतो.

ओव्हलची_सावली – सोमवार, रात्री ११:०५

मला 'आज्ञापालन' ह्या शब्दाचीच जरा भीती वाटते. लहानपणापासून तो ऐकलाय तो गप्प बसवायला. पाळकाला प्रश्न विचारू नकोस, आज्ञा पाळ. नवऱ्याने मारलं, आज्ञा पाळ. शास्त्राची आज्ञा आणि शास्त्र हातात धरून बसलेल्या माणसाची आज्ञा ह्यात फरक करायला मला चाळीस वर्षं लागली.

ह्या बाबतीत पंडिता रमाबाई मला फार जवळच्या वाटतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्याच सिस्टर मंडळींशी पत्रांतून वाद घातला की मला बायबल जे सांगतं ते मान्य, पण तुमच्या चर्चने ठरवलेलं सगळं मी डोळे मिटून मानणार नाही. ज्यांच्या घरात राहतोय, ज्यांचं खातोय, त्यांच्याशी असा वाद घालायला काय छाती लागत असेल! पुढे १८८९ मध्ये इथे मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं ते विधवांसाठी, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, मरेपर्यंत, १९२२ पर्यंत, कारण गावच्या बायकांना कळेल असं हवं होतं. आज्ञाधारक म्हणायचं तर मी त्यांना म्हणीन. पण त्यांच्या काळच्या कुठल्याच बाजूने त्यांना आज्ञाधारक म्हटलं नाही.

गोदी_कामगार – मंगळवार, पहाटे ५:५०

रिटायर माणूस, झोप लवकर उघडते. सगळे प्रतिसाद वाचले. बाक, पापलेट, मेणाचा बंगला सगळं ठीक. पण आपल्या मंडळीतलं मोठं ढोंग कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

माझ्या मुलीच्या लग्नाचं बघत होतो तेव्हाची गोष्ट. मुलगा ख्रिस्ती, शिकलेला, घरचे सगळे देवळात पुढच्या बाकावर. चहा झाला, केक झाला, प्रार्थना पण झाली, आणि मुलाच्या काकांनी कप खाली ठेवता ठेवता विचारलं, "तसे आपण मूळचे कोण?" मी म्हटलं मूळचा आदामाचा. हसले. पुन्हा विचारलं. तीन पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरात मूळचे कोण! सांगितलं. मग "कळवतो" म्हणाले. अजून कळवतायत.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय बघा. अंत्युखियाला पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीत बसून जेवत होता. याकोबाकडची, यहुदी रीत पाळणारी माणसं आली तसा हा हळूच उठून वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी पण उठले, बर्णबासारखा माणूससुद्धा वाहवत गेला. पौल त्याला सगळ्यांसमोर तोंडावर बोलला, आणि त्याला ढोंगच म्हणाला. आता पेत्र म्हणजे कोण, प्रेषितांतला पहिला. तो काही चुकीचं शिकवत नव्हता, मतं एकदम बरोबर होती त्याची. फक्त ताट उचलून दुसरीकडे बसला. आपल्याकडे पंगत म्हणजे काय ते कुणाला समजवायला नको, म्हणून मला वाटतं हा अध्याय गलतीकरांइतकाच आपल्यासाठी लिहिलाय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही, का, तर तुमच्या धर्मात जात नाही म्हणे. सरकारला कागदावर दिसत नाही आणि आमच्या काकांना चहाच्या कपात दिसते.

अजून एक. रेव्हरंड टिळकांचा (कवी ना. वा. टिळक) बाप्तिस्मा १८९५ साली ह्याच मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली बरीच वर्षं त्या बाईने सोवळं-ओवळं सोडलं नाही, आणि सोडल्याचं नाटक पण केलं नाही. मला पटत नाही म्हणून मी पाळते, असं. आणि पटलं तेव्हा असं सोडलं की मागे वळून बघितलं नाही. आमचे काका प्रार्थना करून मग विचारतात. मला लक्ष्मीबाईंचं सोवळं परवडलं असतं.

सलाम_मंडळी – मंगळवार, सकाळी ७:४०

@गोदी_कामगार, भाऊ, ह्यावर बोलायला तोंड नाही. आमच्या घरी पण विचारलं गेलंय. मी तिथे बसलो होतो आणि गप्प होतो.

मुलुंडकरीण – मंगळवार, दुपारी ३:२०

मी जरा कडू लिहिणार आहे. @पाटावरवंटा, तुमची पोस्ट चांगली आहे, मलाही राग आला त्या माणसाचा. पण एक विचारते, तुमच्याकडे धुणंभांडी करायला मावशी येतात का? येत असतील तर पगार कितव्या तारखेला देता?

माझी आई चाळीस वर्षं लोकांच्या घरी कामाला होती. त्यातली तीन घरं आपल्याच मंडळीतली. रविवारी देवळात त्या बायका आईशेजारी बसून एकाच पुस्तकातून गीत म्हणायच्या आणि सोमवारी कप वेगळा. पण कपाचं सोडा, पगार. दहा तारीख, बारा तारीख, "अगं सुट्टे नाहीत", "साहेब टूरवर गेलेत". आणि गावाला गेल्या की तितक्या दिवसांचे कापायचे, तुम्ही नव्हता म्हणून ती काय हवा खाऊन राहणार होती का.

लेवीय १९:१३, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. अनुवाद २४:१५, त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलाय. याकोब ५:४, तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय. इतकं साधं लिहिलंय की त्यावर उपदेश करता येत नाही, म्हणून कुणी करत पण नाही. मी आयुष्यात ह्या वचनावर एक उपदेश ऐकलेला नाही, आणि उंट-मुरकूट (चिलट गाळून काढता आणि उंट गिळता, ते वचन) शंभरदा ऐकलंय.

शेपूभक्त – मंगळवार, दुपारी ३:४१

मी गप्प बसतो म्हणालो होतो पण आता एक राहवत नाही. पाटावरवंटाताई, तीन महिने बघताय ट्यूब बंद आहे. एलईडी ट्यूब शेदोनशे रुपयांची गोष्ट. तुम्ही पाच-सहा बायका दर महिन्याला जाता, प्रार्थना करता, वरती बघून उसासा टाकता आणि खाली येता. तुम्हीच का नाही बसवली? याकोबाच्याच दुसऱ्या अध्यायात आहे ना, उघड्या-उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' म्हणायचं आणि द्यायचं मात्र काही नाही.

भांडण नाही करत, खरंच विचारतोय.

निरीश्वर – मंगळवार, दुपारी ३:५०

शेपूभक्तांना माझ्याकडून इन्व्हर्टर.

पाटावरवंटा – मंगळवार, रात्री १०:३०

दिवसभर उत्तर टाइप करून पुसतेय. पहिलं उत्तर होतं की तो मुलाचा प्रश्न आहे, आपण बसवली तर मुलाला आयतंच सुटायला मिळेल. लिहिलं आणि वाचलं तर मला माझाच आवाज त्यांच्यासारखा भारदस्त वाटायला लागला.

@मुलुंडकरीण, मावशी येतात. आठ वर्षं. पगार दहा तारखेला, कारण आमचे एक तारखेला जमा होतात, पाचला हप्ता जातो, मग उरलेल्याचा हिशेब. बाकीचं नंतर लिहिते.

तळटीप – बुधवार, सकाळी ११:००

जरा अवांतर. १ शमुवेल १५ आठवला. शौल राजाला देवाने सांगितलेलं असतं अमालेकांचं काही राखू नकोस, तो चांगली चांगली गुरंमेंढरं राखून ठेवतो आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचं बेंबें माझ्या कानावर येतंय ते कसलं? शौल म्हणतो ते लोकांनी यज्ञासाठी राखलेत, देवालाच वाहायचे आहेत. (त्या अध्यायातला तो संहार मला स्वतःला पचत नाही, तो वेगळा विषय, मी सोपा करून सांगणार नाही.) पण सबब बघा, कुर्बानचीच. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र ते बेंबें आवडतं. इतकं धार्मिक बोलणं चाललेलं असतं आणि मागून आवाज येत राहतो.

पाटावरवंटा – पुढच्या सोमवारी, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, माफ करा. झालेलं सांगते.

शनिवारी लोहार चाळीतून ट्यूब घेतली आणि आमच्या बिल्डिंगच्या वायरमनला घेऊन गेले. ट्यूब गेलीच नव्हती, होल्डर जळला होता. वीस मिनिटांचं काम. लागली तेव्हा म्हातारी पहिल्यांदा वरती बघून म्हणाली, "अगंबाई, एवढी जळमटं होती होय!" आणि लगेच झाडू मागितला. मग ट्रंकेवरचं बायबल उचललं, त्यात खूण म्हणून काय घातलं होतं सांगू, बाकांच्या अर्पणविधीची पत्रिका, मुलाचं नाव छापलेली, घडीवर फाटायला आलेली. मला दाखवली. कौतुकाने दाखवली हो. मी काय बोलणार.

रविवारी उपासना झाल्यावर त्यांना गाठलं, एकटं, काकांनी सांगितल्याप्रमाणे. म्हटलं आईंच्या खोलीत ट्यूब बसवली, चष्म्याचा नंबर तेवढा बघायला हवा. त्यांनी कोटाचं बटन लावलं, परत काढलं. "हे आमच्या घरातलं आहे," म्हणाले. आणि गेले. रागावले का लाजले मला कळलं नाही. तेव्हा @सलाम_मंडळी, पहिली पायरी झाली, दुसरीला बरोबर येणार का?

आणि आज एक तारीख. मावशी भांडी घासून हात पुसत होत्या, मी पाकीट पुढे केलं. त्या म्हणाल्या, "कुणी आजारी हाय का घरात?" म्हटलं नाही, पगार. कॅलेंडरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नोटा मोजल्या, दोनदा. बटव्यात घातल्या. दारात चपला सरकवत होत्या तोवर मला आपलं बरं वाटत होतं.

मग म्हणाल्या, "आणि मे महिन्याचे?"

गावाला गेलो होतो तेव्हाचे. अकरा दिवसांचे कापले होते. मला दहा वाटत होते, त्यांनी बोटांवर मोजून दाखवले.

मुलुंडकरीण – सोमवार, रात्री ९:५८

दिले का?

पाटावरवंटा – सोमवार, रात्री १०:०१

सुट्टे नव्हते. वाण्याकडून आणून दिले. त्या जिन्यात थांबल्या होत्या.